पिवळ्या चिठोऱ्यांची गड्डी

पाकिटात शंभराच्या छप्पन नोटा असायला हव्या होत्या. रीनानं ते जमिनीवर पालथं केलं, आणि बाहेर पडली ती पिवळ्या कागदाची गड्डी. नोटेच्या आकाराच्या चिठोऱ्या, पांढऱ्या दोऱ्यानं नीट बांधलेल्या.

तिनं पाकीट झटकलं. आत बोट घालून पाहिलं. पुन्हा झटकलं. रिकामं पाकीट तिसऱ्यांदा झटकल्यावर पैसे पडतील असं माणसाला का वाटतं कोण जाणे, पण वाटतं.

गुरुवार, सकाळचे नऊ. परीक्षेचा फॉर्म भरायचा आजचा शेवटचा दिवस. कॉलेजची खिडकी पाचला बंद होणार होती. चौघींचे प्रत्येकी चौदाशे, एकूण छप्पनशे. आणि ते सांभाळायची जबाबदारी एकट्या रीनाची.

गडचिरोलीत लटारूभाऊंच्या घरामागच्या खोलीत चार मुली राहायच्या. चौघी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला. खर्चाची घडी रीनानंच बसवली होती. ती सिरोंच्याकडची, वडील गोदावरीत जाळं टाकणारे. मासळी मिळेल त्या दिवशीच पुढच्या उपाशी दिवसाचं पाहायचं, हे ती घरातच शिकलेली. फोनमधले पैसे दिसत नाहीत म्हणून उडतात, असं तिचं ठाम मत. म्हणून सगळं रोख, वेगवेगळ्या पाकिटांत: भाडं, तांदूळ, गॅस, परीक्षा. पाकिटं लोखंडी पेटीत, आणि पेटीला कुलूप.

जेवणासाठी कूपनं होती. जाड पुठ्ठ्याचे तुकडे, एका बाजूला शिक्का; जादाचेही कापून ठेवलेले. ताट वाढून घेताना एक कूपन वाटीत टाकायचं. एकीला महिन्याची साठ. कोण किती जेवलं ते कळतं आणि तांदळावरून भांडण होत नाही.

"काय झालं वं?" दारातून दीपिकानं विचारलं.

रीनानं गड्डी नुसती वर धरली.

दीपिकाची किंकाळी लटारूभाऊंच्या ओसरीपर्यंत गेली. ते चष्मा पुसत आले, पेटी पाहिली, कुलूप पाहिलं. कुलूप शाबूत होतं.

"चावी कोनापाशी राह्यते?"

"माह्यापाशी, भाऊ."

"मंग दुसरं कोनी कसं उघडलं असन?"

ते मनानं वाईट नव्हते, पण सरळ हिशोबाचे होते. म्हणाले, "पाच वाजेपर्यंत पैसे नाई दिसले, तर तुह्या बापाले फोन लावतो. पोरींच्या घरच्याइले मी काय तोंड दाखवू?"

बापानं रीना निघतानाच सांगितलं होतं, एक वर्ष जरी वाया गेलं तर शिक्षण सोडून घरी ये. आणि इथं तर नुसतं वर्ष जात नव्हतं, वर चोर म्हणून नाव लागत होतं. ती रडली असती, पण रडायला वेळ कुठे होता?

ती पेटीपाशी बसली आणि रविवार आठवू लागली. रविवारी चौघींसमोर नोटा मोजल्या होत्या. छप्पन. पेटी उघडी होती, कारण त्याच वेळी नोव्हेंबरची कूपनं बांधायची होती. ते काम दर महिन्याला रीना करायची. या वेळी आचल म्हणाली, "दे मले." कानाला फोन लावून, दबक्या आवाजात कुणाची तरी समजूत घालत घालत तिनं चार गड्ड्या बांधून डब्यात टाकल्या. डब्याचं झाकण बसेना, म्हणून रीनानं त्यावर खलबत्ता ठेवला होता. तो अजून तिथेच होता.

रविवारनंतर पेटी उघडली ती आज.

चावी गळ्यात असायची, फक्त अंघोळीला जाताना ती बाहेरच्या खिळ्याला. हे चौघींनाही माहीत. म्हणजे चोर खोलीतलाच. रोज एका ताटात चटणी खाणाऱ्या तिघींपैकी एक.

तिनं चिठोरी उलटून पाहिली. एक बाजू कोरी, दुसऱ्या बाजूवर तुटक अक्षरं: 'कॉम्प्युटर क्लास, प्रवेश सुरू'.

"दीपिका, हे पत्रक कुठचं?"

"गेटवरचं. मंगळवारी वाटत होते. ढीगभर देल्ले मले, पुऱ्या वर्गात वाट म्हने. मी इथीच आनून टाकले."

"मंगळवारच्या आधी?"

"नाई. मंगळवारीच आले थे. अन् मले काऊन अशी पाहून राह्यली? माह्या बाबाइनं बल्लारपूरच्या खानीत घाम गाळून चौदाशे धाडले. मी चोरीन का?"

दीपिका भडक डोक्याची, पण पोटात काही ठेवणारी नव्हती. तिचा चेहरा लालबुंद झाला होता. रीनानं तिला सोडलं.

आचल खाटेवर बसून होती. फोन उपडा ठेवलेला. अहेरीच्या ठेकेदाराची लेक. सगळ्यांना समोसे खाऊ घालणारी, महागाचा फोन वापरणारी. वडील भेटायला कधी आले नव्हते; कामात असतात, असं ती सांगायची.

"आचल, मंगळवार-बुधवार मी अंघोळीले गेली तवा तू कुठी होती?"

"इथीच. झोपली असन."

"पेटीजवळ कोनी गेलेलं पाह्यलं?"

"नाई." मग जरा थांबून ती म्हणाली, "प्रियाले विचार ना. तिचेच तं हाल आहेत पैशाचे. संध्याकाळी जेवत बी नाई ती, कूपनं वाचवते."

ते खरं होतं. प्रिया एटापल्लीपलीकडच्या जंगलातली. घरून पैसे कधी यायचे, कधी नाही. धान कापायला म्हणून सोमवारी पहाटे गावाला गेलेली ती आज आत्ताच, साडेआठच्या गाडीनं उतरली होती. तिची पिशवी दाराशी तशीच पडलेली, ती हातपाय धूत होती.

रीनानं दोरा सोडला आणि चिठोऱ्या मोजायला घेतल्या. मोजून काय मिळणार होतं? काहीच नाही. पण हात रिकामे ठेवले असते तर ती कोसळली असती.

सत्तर.

पुन्हा मोजल्या. सत्तर. छप्पन नोटांची नक्कल करायची तर छप्पन तुकडे कापावेत, फार तर साठ. आणखी एक विचित्र गोष्ट होती: पहिल्या पस्तीस चिठोऱ्यांची छापील बाजू वर, उरलेल्या पस्तीसांची खाली. एकही इकडची तिकडे नाही.

तेवढ्यात प्रिया आली. ओल्या हातानं तिनं एक चिठोरी उचलली.

"काय करून राह्यली?"

"सत्तर आहेत. अर्ध्या सुलट्या, अर्ध्या उलट्या."

प्रिया पटकन म्हणाली, "मंग हा तं पुडा झाला."

"कायचा पुडा?"

"तेंदूपानाचा. मे महिन्यात आम्ही जंगलात बिडीची पानं तोडतो ना. सत्तर पानाचा एक पुडा. पस्तीस सुलटी, पस्तीस उलटी. लहानपनापासून बांधतो, मोजा लागत बी नाई. हातच थांबतो सत्तरवर."

रीनानं हातातल्या चिठोऱ्या खाली ठेवल्या.

"पाहा!" दीपिका ओरडली. "इनंच सांगतलं आपल्या तोंडानं! मले तं तेंदूपान कसं असते हे बी माईत नाई. आचलच्या घरचं कोनी जंगलात जात नाई. रीना तं नदीवरची. राह्यलं कोन?"

प्रियाचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं चिठोरी अशी खाली ठेवली की जणू ती तापलेली होती. "मी नाई घेतले," ती म्हणाली. एवढंच. तिच्या आवाजात इतकी हार होती की रीनाला तिच्याकडे बघवेना.

दाराशी उभे असलेले लटारूभाऊ म्हणाले, "झालं. हिच्या घरी लावा फोन."

"थांबा, भाऊ," रीना म्हणाली. "अजून पाच नाई वाजले."

काहीतरी चुकत होतं. ज्या खुणेनं आपण पकडले जाऊ, ती खूण चोर स्वतः कशाला सांगेल? रीना उठली. तोंड कोरडं पडलं होतं. पाण्याचा माठ कोपऱ्यात, कूपनांच्या डब्याशेजारी. पेला उचलताना तिची नजर खलबत्त्यावर गेली.

झाकण का बसत नव्हतं? डबा तोच. गड्ड्या चारच. दर महिन्याला तर बसतं.

तिनं पेला खाली ठेवला, खलबत्ता उचलला, आणि पाठमोरी बसून चारही गड्ड्या एकेक करून मोजल्या. वेळ लागला. मागं दीपिकाची बडबड आणि प्रियाचे हुंदके चालू होते. मग ती वळली.

"भाऊ, आत या. बसा. मले पैसे कोनं घेतले ते समजलं."

लटारूभाऊ खाटेच्या कडेला टेकले.

"पयली गोष्ट," रीना म्हणाली. "चिठोऱ्या ज्या पत्रकाच्या आहेत, ते मंगळवारी वाटलं. प्रिया सोमवारी पहाटे गेली अन् आज साडेआठले उतरली. तवापासून मी पेटीजवळच आहो. मंग तिनं गड्डी बांधली कवा?"

दीपिकानं मान खाली घातली.

"दुसरी गोष्ट. गड्डी बांधनाऱ्याले प्रियावर आळ घ्यायचा नव्हता. त्याले सत्तर मोजायचेच नव्हते. डोकं दुसरीकडं होतं अन् हात आपलं काम करत होते. लहानपनापासून पुडे बांधलेले हात."

"पन असं दुसरं कोनी हाय कुठी इथी?" लटारूभाऊ म्हणाले.

रीनानं कूपनांची एक गड्डी त्यांच्या हातात दिली. "मोजा. साठ पाह्यजेत."

म्हाताऱ्यानं जीभ लावून लावून मोजली. "सत्तर भरले."

"शिक्के पाहा."

"पस्तीस वर. पस्तीस खाली."

"चारी गड्ड्या तशाच आहेत. म्हनून झाकन बसत नव्हतं. या गड्ड्या रविवारी बांधल्या. फोनवर बोलता बोलता." रीना आचलकडे वळली. "आचल, तू कोन्या ठेकेदाराची लेक नाई ना?"

आचलचा चेहरा वेडावाकडा झाला आणि ती अशी रडली की दीपिकासुद्धा पुढे झाली.

गाव धानोऱ्याकडचं. बाप नव्हता. आई मोहफुलं वेचायची, मे महिन्यात तेंदूपान. पहिल्या वर्षी कुणीतरी विचारलं, बाबा काय करतात, आणि तोंडातून ठेकेदार निघून गेलं. मग ठेकेदाराची लेक दिसायला फोन लागला, कपडे लागले, समोसे लागले. फोनवरच्या एका कर्जाच्या अ‍ॅपमधून तीन हजार घेतले. आठवड्यात पाच मागितले. ते फेडायला दुसऱ्यातून घेतले.

"ते म्हनत होते, तुह्या फोटोचं वाईट करून सगळ्याइले धाडू. आईले बी. रविवारी त्याइच्याच पाया पडून राह्यली होती मी. बुधवारी सकाळी पैसे धाडले, रीना. एक रुपया बी नाई उरला."

"अन् प्रियाचं नाव काऊन घेतलं?"

आचलनं तोंड ओंजळीत लपवलं. प्रिया नुसती आपल्या हातांकडे बघत होती.

बारा वाजले होते. चोर सापडला होता आणि पैसे गेले ते गेलेच होते. रीनाला तेव्हा कळलं की चोर शोधून खिडकीवर फॉर्म भरता येत नाही.

आचलनंच फोन पुढे केला. "हा विका."

लटारूभाऊ स्वतः बरोबर गेले. त्या अ‍ॅपवाल्यांचे निरोप त्यांनी आधी आपल्या फोनमध्ये घेतले; उद्या पोलिसात जायचं म्हणाले. तीन दुकानं फिरले. शेवटचा दुकानदार साडेचार हजारांच्या वर एक रुपया देईना. तीन फॉर्मचे बेचाळीसशे. चौथ्याला पैसे नव्हते.

पाचला दहा कमी असताना रीना आचलला घेऊन खिडकीपाशी पोचली. हातात चार फॉर्म. आचलनं त्यातला आपला काढून घेतला.

"माहा राहू दे."

रीनाला काहीतरी बोलायचं होतं, पण मागून खिडकीतला माणूस ओरडला, "किती आहेत? लवकर!" तिनं तीन फॉर्म आत सरकवले. शिक्के पडले. विलंब शुल्कासह आठ दिवस आहेत, एवढं तिनं विचारून घेतलं.

घरी आल्यावर तिनं एक कोरं पाकीट काढलं, त्यावर आचलचं नाव लिहिलं आणि उरलेले तीनशे आत ठेवले. अकराशे अजून हवे होते, वर दंड वेगळा. कुठून आणायचे ते कुणालाच माहीत नव्हतं. प्रियानं आपली उरलेली ऑक्टोबरची कूपनं पाकिटाजवळ ठेवली. "तेवढा तांदूळ उरला असन. विकून पाहू," ती म्हणाली.

मग रीनानं डबा उघडला. चाळीस कूपनं जादा होती. तेवढी जेवणं त्यांच्या पाकिटात नव्हती. तिनं गड्ड्या आचलपुढे ठेवल्या. "तूच बांध परत. साठ-साठच्या."

आचल मोजायला बसली. एक, दोन, तीन, ओठ हलवत. साठ आले तरी तिचा हात पुढच्या कूपनाकडे गेला. ती दचकून थांबली, हात मांडीवर घट्ट दाबून धरला, आणि तिचे डोळे पुन्हा भरून आले.

"एक पान कमी भरलं का घेनारा पुडा फेकून दे, अन् माय दिवसभराची मजुरी रडत राहे," ती म्हणाली. "मी सात वर्साची होती. खोटं बोलायले मी इथी येऊन शिकली, रीना. कमी मोजायले हात नाई शिकले."