साडेचार फूट

तुम्ही फाइल मागितलीत आणि मी कागदाची गुंडाळी पुढे केली, तेव्हा तुमचा चेहरा पडला. पडणारच. आजकाल असं कोण करतं? बसा घडीभर. कारण सांगते, मग हवं तर वेडी म्हणा.

हे घडलं तेव्हाही मी इथेच होते, बाईंच्या हाताखाली. बाई म्हणजे या ऑफिसच्या मालकीण. घरं त्या आखायच्या, नकाशे मी काढायची. दर शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत कॉम्प्युटरवरचं सगळं काम बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून ठेवायचं, हेही माझ्याकडेच. प्रत्येक तारखेचं वेगळं फोल्डर. बाईंची शिस्तच तशी. एक वेळ जेवण चुकेल, बॅकअप नाही. चार वर्षांत मी एकही शुक्रवार चुकवला नव्हता.

एका सोमवारी कॉम्प्युटर बसला तो उठलाच नाही. नवा आणला, डिस्क जोडली, शेवटच्या शुक्रवारचं फोल्डर परत उतरवलं. तासाभरात सगळं जिथल्या तिथे. बाई चष्मा पुसत म्हणाल्या, "बघ, काही गेलं का?"

त्याच दुपारी माझ्या थोरल्या भावाचा, दादाचा फोन आला. त्याला स्वयंपाकघराच्या भिंतीतून पाण्याचा पाइप न्यायचा होता, म्हणून घराचा नकाशा हवा होता. दादाचं घर हे माझं पहिलं काम. तिथे दादा, वहिनी आणि आमची आई राहायची. तो नकाशा मी झोपेतही काढला असता.

फाइल उघडली, तर स्वयंपाकघर आणि आईची खोली यांच्या मध्ये आणखी एक खोली होती.

चिंचोळी. भिंत धरून साडेचार फूट. दार नाही, खिडकी नाही. आत एक खाट, खाटेवर उशी, आणि उशीचा एक कोपरा दुमडलेला. तो कोपरा मी काढते. या ऑफिसात दुसरं कुणी काढत नाही.

"फाइल खराब झाली असेल," बाई म्हणाल्या. पण त्यांना स्वतःलाच ते पटलेलं नाही, हे त्यांचा आवाजच सांगत होता. खराब फाइल उघडत नाही, नाहीतर रेघांचा गुंता दाखवते. ती नऊ इंची भिंती बांधत बसत नाही.

मी कपाटातून मूळ कागद काढला. घराची लांबी छत्तीस फूट. खोली नाही. मग डिस्कवरची जुनी फोल्डरं एकेक उघडत गेले. सहा महिन्यांपूर्वीच्या फाइलमध्ये ती खोली होती, पण घराच्या मागच्या भिंतीला बाहेरून चिकटलेली. दीड वर्षापूर्वी अंगणात. आणि चार वर्षांपूर्वी, अगदी पहिल्या शुक्रवारी, कुंपणाच्या पलीकडे एक लहानसा चौकोन. तेव्हा आत खाट नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेप घेऊन दादाकडे गेले. आधी आतल्या खोल्या मोजल्या, भिंती धरल्या. बेरीज छत्तीस, इंचाचाही फरक नाही. मग बाहेरून दादानं एक टोक धरलं, मी दुसरं.

"किती?" दादानं विचारलं.

मी टेप पुन्हा ताणली. "साडेचाळीस."

"चिमे, तुला कधीपासून मोजता येईनासं झालं?" तो हसला. मग स्वतः येऊन बघितलं, आणि हसू तिथेच राहिलं.

दादा तापट माणूस. त्यानं छिन्नी-हातोडा आणला आणि स्वयंपाकघराची भिंत फोडायला घेतली. एक वीट निघाली, दुसरी निघाली. मी भोकातून पाहिलं. पलीकडे आईची खोली होती. आईची खाट, आईचं कपाट, आणि खाटेवर बसून आमच्याकडेच बघणारी आई. मध्ये काहीच नव्हतं.

"उगाच घर पाडताय," आई म्हणाली. "तिला आवाजाचा त्रास होतो."

"कुणाला गं?"

"ती पलीकडची. दुपारी मी पडले, की भिंतीला टेकून बसते. सारखी विचारते, किती वाजले... किती वाजले..." आईनं माझ्याकडे बघितलं. "मला काय विचारतेस? खोली तू काढलीयस ना?"

नकाशाबद्दल आईला कुणीही काही बोललं नव्हतं.

मी तडक ऑफिसला आले. मूळ कागद हाताशी होता, नकाशा नव्यानं काढता आला असता. दादाच्या घराच्या जेवढ्या फाइली कॉम्प्युटरवर आणि डिस्कवर होत्या, तेवढ्या शोधून निवडल्या. दोनशेच्या वर भरल्या. कायमचं पुसायचं का, असं कॉम्प्युटरनं विचारलं. मी हो केलं. घड्याळात तीन वाजून वीस मिनिटं झाली होती.

साडेतीनला वहिनीचा फोन आला.

"वन्सं, आई तुमच्याकडे आल्यात का हो?"

वहिनी आईच्या दारासमोर इस्त्रीचं टेबल मांडून उभी होती. आई आत झोपलेली. सव्वातीनला तिनं खोकताना ऐकलं होतं. नंतर चहाला विचारायला आत गेली, तर खाटेवर चादर होती आणि चादर अजून गरम होती. खिडकीला गज. चपला खाटेखाली. भिंतीतल्या भोकातून मांजर गेलं असतं फार तर.

पोलीस आले, शेजारीपाजारी विहिरी बघून आले. दादानं त्या गडबडीत घर बाहेरून मोजलं. छत्तीस फूट. बरोब्बर.

मी पुसलं तेव्हा आई कुठे होती, तिच्या खोलीत की त्या खोलीत?

डिस्क घेऊन मी दुरुस्तीवाल्याकडे धावले. त्याला एवढंच म्हटलं, की चुकून पुसलंय, परत हवंय.

"घाबरू नका ताई," तो म्हणाला. "पुसलं म्हणजे जात नाही. यादीतून नाव निघतं फक्त, वस्तू आतच असते. त्यावर नवं काही लिहिलं, तर मात्र मग देवही काढू शकत नाही."

तीन दिवस तो डिस्क खरवडत होता. दोनशेतली एक फाइल हाती लागली. तारीख त्या शेवटच्या शुक्रवारची. त्याच्याच दुकानात उघडली.

खोली होती. खाटही होती. आणि आता तिला दार होतं, स्वयंपाकघराच्या बाजूला. दाराशेजारी काही अक्षरं होती, टाइप केलेली नव्हेत, बारीक रेघांनी जोडून काढलेली. वेलांटी उलटी. आई तशीच काढायची. चौथीत शाळा सुटलेली माणसं काढतात तशी.

"कडी बाहेरून आहे."

दुरुस्तीवाला म्हणाला, "हे काय, कुणी लिहिलंय?" मी डिस्क सोडवून घेतली आणि तडक दादाकडे गेले.

त्या संध्याकाळी टेप पुन्हा साडेचाळीस दाखवायला लागली. भिंत पुन्हा फोडली. पलीकडे आईची रिकामी खाट. पुन्हा बुजवली. ती डिस्क त्या दिवसापासून कशालाच जोडलेली नाही. चुकून एखादं पत्र जरी तिच्यावर उतरलं तर... म्हणून मी कुणाच्या घराची फाइल ठेवत नाही. कागद देते.

वहिनी माहेरी गेली ती आलीच नाही. दादा एकटाच राहतो तिथे. सकाळी कामावर जायच्या आधी स्वयंपाकघराच्या भिंतीवरून हात फिरवतो, कमरेच्या उंचीवर, जिथे कडी असायची तिथे, या टोकापासून त्या टोकापर्यंत. गुळगुळीत गिलावा, वर पांढरा रंग. मी कितीदा सांगितलं, दादा, पुरे कर आता.

परवा त्यानं मला बोलावून घेतलं. दारातच उभा होता. त्यानं उजवा तळहात माझ्यापुढे धरला. बोटांवर तांबूस पूड होती. मी वास घेतला.

गंज होता. ओला, नुकताच सुटलेला.