काचेच्या आतला अंगठा

"फोन खिशात ठेवा," गोपाळकाका म्हणाले. जेवणं उरकून वरद आणि स्पृहा कर्वेनगरच्या त्यांच्या सोसायटीच्या गच्चीवर आले होते. "आणि ही गोष्ट आमोदची, माझ्या सख्ख्या बहिणीच्या मुलाची. तेव्हा 'खरंच का हो' असं मध्येमध्ये विचारायचं नाही. खोटंच ऐकायचं असेल तर खाली जाऊन बातम्या लावा."

आमोद बिबवेवाडीत मच्छिंद्रशेठच्या वर्कशॉपमध्ये लागला होता. चिप बनवणाऱ्या कारखान्यांतले जुने रोबो तिथे दुरुस्तीला येतात. रोबो म्हणजे नुसता एक सपाट, लांब हात. हवा ओढून काढलेल्या बंद पेटीत तो सिलिकॉनची आरशासारखी चकती उचलतो, वळतो, पलीकडे ठेवतो. माणसाच्या बोटाचा तेलकटपणाही तिथे खपत नाही.

आणि असलं काम आमोदला शिकवलं संपतने. गालात कायम तंबाखू. जिभेला बोट लावल्याशिवाय त्याला हातमोजासुद्धा उलगडता येत नसे. उजव्या अंगठ्यावर आडवा कापल्याचा वण, त्यात पिवळा मळ बसलेला. आमोद तोंड फिरवून शिकला. संपत वारला, तेव्हा याने पहिलं काम काय केलं, तर त्याचं टेबल फिनेलने पुसलं.

गेल्या वर्षीच्या सर्वपित्री अमावास्येला, दुपारी, संपतची बायको कौशल्याबाई डबा घेऊन फाटकाशी आली.

"दादा, घरी कावळा शिवंना. त्यांचा जीव इथंच हाय. मागच्या पत्र्यावर ठेवता का एवढं?"

आमोद डबा घेऊन मागे गेला. झाकणाला खीर ओघळून चिकटली होती. त्याला संपतचे ओठ आठवले. त्याने सगळं कचऱ्याच्या पिशवीत उपडं केलं आणि रिकामा डबा परत दिला.

"लगेच शिवला, वहिनी."

बाई डोळे पुसत गेली.

त्याच रात्री रोबोची चाचणी होती. आमोदने एकट्याने थांबायचं. मच्छिंद्रशेठ जाताना म्हणाले, "सकाळी चकत्या स्वच्छ निघाल्या तर तू कायम. डाग निघाला तर मशीन इथेच राहील. तू नाही राहिलास तरी चालेल."

पेटी बंद झाली. पंपाने हवा ओढली. आमोद खिडकीच्या काचेतून बघत बसला. हात उचले, वळे, ठेवी.

मध्यरात्र उलटली आणि वास आला. नासलेल्या दुधाचा. त्यात तंबाखू.

त्याने कचऱ्याची पिशवी रस्त्यावर नेऊन टाकली. साबणाने हात धुतले. परत आला.

वास होताच.

आत हात वळला. चकतीवर काहीतरी होतं.

खीर.

गरम नव्हती, तरी उकळत होती. हवा नसली की पातळ पदार्थ असाच उकळतो, हे आमोदला ठाऊक होतं. बुडबुडे फुगत होते... फुटत होते. शितांवर तपकिरी लाळ. तिची तार लोंबत होती.

हात थांबला. नेमलेल्या जागी नाही. खिडकीसमोर.

मग पुढे आला. पाहुण्यापुढे ताट करावं, तसा.

"संपतभाऊ..."

हात हलला नाही.

"उद्या... उद्या ठेवतो. पत्र्यावर."

...

काचेला आतून काहीतरी टेकलं. हळूच. ओलं.

आमोद मोरीपर्यंतही पोचला नाही. तिथेच ओकला.

सकाळी मच्छिंद्रशेठनी फक्त शेजारच्या छोट्या कप्प्यात हवा सोडून त्यातून चकत्या बाहेर घेतल्या. मोठी पेटी अजून बंदच होती. एकेक चकती दिव्याखाली धरली. लखलखीत. एकीवरही डाग नाही.

"झालास बाबा कायम. आता तोंड धू, मेल्यासारखा दिसतोयस." बोलता बोलता त्यांनी रुमालाने खिडकीची काच पुसली. पुन्हा पुसली. "हे जात का नाही रे?"

"आतून आहे," आमोद म्हणाला.

पिवळट अंगठा. मधोमध आडवी रेघ.

पंप चालू होता. आत हवा नव्हती. हवा नसलेल्या जागी काही ओलं राहत नाही, हा आमोदचा पहिला धडा, संपतनेच दिलेला.

ठसा ओघळत होता.