तिसऱ्या लेणीतला हात

रविवारी रत्नमालाला कंपनीची सुट्टी होती. लेणीवर जाऊन येऊ, असं तिनंच सुचवलं. मकबऱ्याच्या मागचा डोंगर त्यांच्या भीमनगरच्या घरापासून काही लांब नाही. तिच्या मनात तिघंच होती. ती, नवरा आकाश आणि चार वर्षांची सायली. पण सायली पायात चपला घालेना. आतू येणार असेल तरच मी येईन, म्हणून तिनं दारात फतकल मारली. आकाश हसला आणि त्यानं बहिणीला, रूपाला, हाक मारली. रत्नमालानं डबा पिशवीत भरला.

बोलणार तरी काय? ती शेंद्र्याच्या कारखान्यात पाळीवर जायची आणि पोर रूपाच्या कडेवर वाढायची. पहिला शब्द, पहिलं पाऊल, पहिला ताप, सगळं रूपानं बघितलं होतं. संध्याकाळी दमून आलेल्या वहिनीला ती ते कौतुकानं सांगायची. रूपाच्या मनात काहीएक वाकडं नव्हतं आणि रत्नमालाला तेच जास्त टोचायचं. भांडायला धड कारणही मिळत नव्हतं.

पायऱ्या चढायला लागले तेव्हा ऊन कललं होतं. रूपाचा हात धरून सायली पुढं, मागं आकाश, आणि पिशवी सांभाळत सगळ्यात शेवटी रत्नमाला. अर्ध्यावर सायलीला ठेच लागली. रत्नमाला पिशवी टाकून धावली, पण तोवर पोर आत्याच्या मानेला मिठी मारून बसली होती.

“जा की आईकडं,” रूपा म्हणाली.

“नाय.”

रत्नमालानं खाली वाकून पिशवी उचलली. बराच वेळ तिला खालचं शहर नीट दिसलं नाही.

तिसऱ्या लेणीत शिरल्यावर आधी नुसता अंधारच दिसतो. ओल्या दगडाचा आणि वटवाघळांचा उग्र वास येतो. मग हळूहळू आतल्या गाभाऱ्यातली बुद्धमूर्ती दिसू लागते, आणि तिच्यासमोर दोन्ही बाजूंना गुडघे टेकून, हात जोडून बसलेली माणसाएवढी दगडी माणसं. चौघांनी तिथं त्रिशरण म्हटलं. सायलीला आत करमेना, म्हणून रूपा तिला घेऊन बाहेर गेली. पाठोपाठ आकाशही गेला.

रत्नमाला मागंच राहिली. त्या दगडी माणसांच्या रांगेत तीही गुडघ्यावर बसली. मागायचं काही ठरवलं नव्हतं, पण आतून आलंच. माझं लेकरू माझ्याकडं येऊ दे. दुसऱ्या कुणाकडं नको. फक्त माझ्याकडं.

बाहेरचे आवाज कमी झाले. वर कुठंतरी पंख फडफडले आणि थांबले.

मग तिच्या डाव्या हातात एक लहानसा हात आला.

गार होता, जरा ओलसरही. दगडाला हात लावून आली असेल, रत्नमालाला वाटलं. आत्याला सोडून, अंधारातून, आपली आपण आली. वळून बघितलं तर पोर लाजून पळेल, म्हणून ती समोर बघतच राहिली. चिमुकली बोटं तिच्या बांगड्यांशी चाळा करू लागली.

“आलीस?” तिनं हळूच विचारलं.

“व्हय.”

“आतूकडं नाही जायचं आता?”

“नाय... तुझ्याकडंच.”

एवढं सुख तिला कित्येक महिन्यांत झालं नव्हतं. तिनं तो हात घट्ट धरला.

तेवढ्यात बाहेरून रूपाची हाक आली. “वहिनी, चला. वॉचमन शिट्टी वाजवायलेत, लेणी बंद करणार हायेत.”

रत्नमालानं मान वळवली. दाराच्या उजेडाच्या चौकटीत रूपा उभी होती. तिच्या खांद्यावर डोकं टाकून सायली पेंगत होती.

डाव्या हातातली बोटं तशीच होती. बांगड्या हळूहळू वाजत होत्या.

तिनं खाली बघितलं नाही. बघायचं धाडसच झालं नाही. “सोड...” ती पुटपुटली.

“तूच म्हणालीस ना...” आवाज अगदी कानापाशी आला. “दुसऱ्या कुणाकडं नको.”

हिसडा देऊन ती उठली, ठेचकाळत बाहेर पळाली. काय झालं, म्हणून आकाशनं विचारलं. अंधारात पाय घसरला, असं तिनं सांगितलं. खाली उतरताना ती डावा हात पदराला पुसत राहिली.

पुढच्या आठवड्यात एक नवल घडलं. सायली आपणहून तिच्याजवळ येऊ लागली. आई कामावरून आली की धावत यायची, पण हातभर अंतरावर येऊन थबकायची आणि दंड चोळत मागं सरायची. दंडावर नखांचे बारीक ओरखडे उठलेले असायचे. आकाशला वाटलं, शेजारच्या मुलींशी भांडली असेल. रत्नमाला मात्र डावा हात पदराखाली घ्यायची आणि म्हणायची, “जा बाई आतूकडं. तिच्याजवळ झोप.” हे स्वतःच्या तोंडून बोलताना तिला रडू यायचं.

थंडीत रूपाचं लग्न ठरलं आणि ती सोयगावला नांदायला गेली. पाठवणीच्या दिवशी जीप वळणाआड झाली, मांडवातली माणसं पांगली, आकाश भाड्याची भांडी पोहोचवायला गेला. घरात दोघीच उरल्या. सायली भिंतीला पाठ लावून उभी होती. रडून रडून तिचा चेहरा सुजला होता. आई बोलवील म्हणून ती वाट बघत होती. पण तिची नजर आईच्या चेहऱ्यावर नव्हती, आईच्या डाव्या अंगाला, जरा खाली होती.

“आई,” ती हुंदका गिळत म्हणाली, “तिला सांग ना... मी पण तुझीच हाय.”

रत्नमालानं बोलायला तोंड उघडलं. तिच्या डाव्या तळव्यात गार बोटं सावकाश आवळत गेली.