लिशीनमधल्या गारगोट्या

आमच्या क्लूनबेग वाडीत प्रत्येक शेताला नाव आहे, आणि ती सगळी मी वहीत उतरवून ठेवते. नकाशेही पावलं मोजून मीच काढलेत. लिशीनचं पान तेवढं कोरं होतं. बाप्तिस्म्याआधी गेलेली मुलं तिथे पुरत; चर्चच्या जमिनीत त्यांना जागा नसे. बाप एकटाच जाई, वर पांढरी गारगोटी ठेवून परते. आईनं जायचं नसे, विचारायचंही नसे.

शेजारची डीलियामावशी चौऱ्याऐंशीची. ऑक्टोबरातल्या एका सकाळी चर्चला जायचा कोट घालून माझ्या दारात उभी.

"ए वहीवाली, चल. लिशीन दाखव मला."

"त्या चिखलात? मावशी, तुझा पाय मोडला तर डॉक्टर मला धरेल."

"धरू दे की. तुला कुणीतरी धरायला हवंच होतं इतक्या वर्षांत."

मग तिचा आवाज उतरला. "एकसष्ट साली फेस्टीनं माझी मुलगी लोण्याच्या खोक्यात घालून नेली. बाळंतपणातून मी शुद्धीवर आले तोवर परतलाही होता. कुठे ठेवली ते मरेपर्यंत बोलला नाही नवरा माझा. आता मी वर गेल्यावर तिनं विचारलं, आई, तू एकदाही आली नाहीस, तर काय सांगू?"

लिशीनमध्ये गारगोट्या तीसेक. सगळ्या शेवाळलेल्या, सगळ्या सारख्या. मावशी एकेकीपाशी थांबे, मान हलवी, पुढे सरके. वारा पडला होता. भिंतीपलीकडच्या मेंढ्या चरायच्या थांबल्या होत्या.

काटेरी झाडाखालच्या गारगोटीपाशी ती थबकली. कोटाची बटणं सोडली. ब्लाउजवर डावीकडे ओला डाग पसरत होता.

"सकाळी चहा सांडला का गं?" मी मूर्खासारखं विचारलं.

मग वास आला. कोमट, गोडसर.

चौऱ्याऐंशीव्या वर्षी पान्हा. मी वही मिटली.

ती गुडघ्यांवर बसली, वाकून छाती गारगोटीला टेकवली. बराच वेळ तशीच. हळूहळू डाग वाढायचा थांबला.

"झोपली," ती म्हणाली. इतकी वर्षं शेजारी राहून मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

मी तिला उठवलं. फाटकाकडे निघालो.

चार पावलांवर ती पुन्हा थांबली. गवतात आणखी एक गारगोटी होती, मुठीएवढी.

तिनं मान खाली घालून स्वतःकडे पाहिलं. आता उजवी बाजू भिजत होती.

"फेस्टीनं मला एकच सांगितली होती," ती म्हणाली.