जत्रेच्या दिवशीचे पाच स्टार

"आई, ही कंपनी लबाड आहे, लिहून घे माझ्याकडून. एकाच दिवशी त्रेचाळीस जणांनी पाच-पाच स्टार दिलेत." बंगळुरूच्या बसवनगुडीतल्या हॉटेलात, उभ्यानं प्यायच्या टेबलावर कॉफी ठेवून प्रांजली फोनवर बोलत होती. "आणि ऐक... कुणी भागुबाई लिहितात, मुलगा निर्व्यसनी आहे. सामान हलवणाऱ्याबद्दल हे कशाला?"

टेबलापलीकडचा तरुण खाकरला.

"त्या दिवशी आमच्या गावची जत्रा होती. सगळे पाहुणे एका जागी सापडले. भागुबाई माझी आत्या. मी महांतेश — ती लबाड कंपनी माझीच."

दुसरी कुणी असती तर लाजून पळाली असती. प्रांजलीनं फोन ठेवला आणि उलटतपासणीच सुरू केली.

"यातल्या किती जणांचं सामान हलवलंत?"

"एकाचंबी नाही. आत्यानं तर लग्नापासून घरच बदललं नाही की हो."

तिला हसू आलं, आणि रागही. मागच्या वेळी असल्याच पाच स्टारवाल्यांनी आईच्या शिलाई मशीनचे दोन तुकडे आणून दिले होते. आता घर बदलताना के. आर. पुरमहून इथं आणायचा होता बाबांच्या दुर्बिणीचा आरसा. बाबांनी चार वर्षं हातानं घासून केलेला. तो फुटला असता तर बाबा काही बोलले नसते, नुसते गप्प झाले असते. तेच तिला सोसलं नसतं.

"खोटे स्टार ते खोटेच," ती म्हणाली.

"काढायला लावतो सगळ्यांना."

"धंदा बसेल तुमचा."

"बसू दे. तुमच्या तोंडून लबाड ऐकणं... ते काय बरं वाटंना." त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि घाईनं कॉफीत तोंड घातलं. तिलाही उगाचच ओढणी सारखी करावीशी वाटली.

चार दिवसांत स्टार गळाले. आत्याला फोनवरून समजावण्यात म्हणे दीड तास गेला. उरले तीन रिव्ह्यू, त्यातला एक दोनच स्टारांचा, कुण्या नरसिंहरावांचा. महांतेशकडूनच पत्ता घेऊन प्रांजली त्यांच्या दारात हजर.

"दोन तास उशिरा आला!" म्हातारबुवा अजून धुसफुसत होते. "पण फुलदाणी तडकली ते त्यानंच सांगितलं. मला दिसलीही नसती."

काम महांतेशला मिळालं.

टेम्पोत आरसा मांडीवर घेऊन तो तिच्या शेजारी बसला.

"हात दुखत असतील. खाली ठेवा."

"तुम्ही बघताय तोवर नाही."

"आणि मी बघत नसले तर?"

"तर... तरीबी नाही."

ती खिडकीबाहेर पाहू लागली. बंगळुरूचा ट्रॅफिक इतक्या लवकर कसा काय सुटला, याचं तिला त्या दिवशी वाईट वाटलं.

नव्या घरी त्यानं आरशावरचं कापड सोडलं आणि त्याचा चेहरा उतरला. काठाला बारीकसा टवका. खोलीत कुणी नव्हतं. दारात प्रांजली उभी होती, पण त्याला ते ठाऊक नव्हतं. कापड पुन्हा झाकलं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता. ती उंबऱ्यावरच थांबली. खरं सांगायचं तर आता तिला आरशाची काळजी नव्हतीच.

"काका," त्यानं हाक मारली, "इकडं या जरा. आरशाला टवका गेलाय. माझ्याकडनंच झालं असणार."

तिच्या बाबांनी, अरविंदरावांनी, चष्मा चढवला, काठावरून बोट फिरवलं आणि हसले. "अहो, हा माझ्याच हातून उडालेला. प्रांजली चौथीत होती तेव्हा." आणि ते चहा सांगायला आत गेले.

महांतेश वळला, तर दारात ती.

"मला तुम्ही आवडता," प्रांजली म्हणाली. "आणि हे... मी कुणालाही विचारून ठरवलेलं नाही."

तो मागच्या गाद्यांच्या गठ्ठ्यावर मटकन बसला.

"मलाबी," तो म्हणाला. "पण माझी चौकशी करा तुम्ही. सावकाश करा. मी थांबतो."