तीन प्लांटचा चार्ज

ती बातमी आली तेव्हा मी पालघरला चक्कीवर तांदळाचा डबा घेऊन उभा होतो. माझ्या पुढे एका बाईचं नाचणीचं दळण चाललं होतं. नाचणीवर लगेच तांदूळ टाकला तर पीठ काळं येईल, जरा थांबा सर, असं चक्कीवाला ओरडून सांगत होता. मला घाई नव्हती. तेवढ्यात आनंदाचा फोन आला. आनंदा म्हणजे माझ्या धाकट्या भावाचा, रूपेशचा, कंपनीतला सोबती. पट्ट्याच्या आवाजात मला काही कळेना. मी म्हटलं, मोठ्यानं बोल. मग तो मोठ्यानं बोलला, आणि पुढच्या बाईनेही मागे वळून माझ्याकडे पाहिलं.

रूपेश तारापूरच्या एका केमिकल कारखान्यात ऑपरेटर होता. रात्रपाळीच्या शेवटी कंट्रोल रूममधल्या खुर्चीतच त्याचं हृदय थांबलं. कुणाचा दोष नव्हता. दळण तिथेच टाकून मी बोईसरला निघालो.

पुढचं समजायला दोन गोष्टी सांगायला हव्यात.

पहिली गोष्ट बोईसरमध्ये पोराटोरांनाही माहीत असते. कारखान्यात रिलीव्हर आल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही. पाळी संपली, बस फाटकाशी येऊन उभी राहिली, तरी नाही. पुढच्या पाळीचा माणूस येतो, कुठलं यंत्र कसं चाललंय ते ऐकून घेतो, ‘घेतला चार्ज’ म्हणतो, मगच आधीचा माणूस उठतो.

दुसरी गोष्ट रूपेशच्या खेळांची. बेचाळीस वर्षांचा बाप्या, पण इंटरनेटवरचे तीन खेळ एकाच वेळी खेळायचा. जुन्या कॉम्प्युटरवर किल्ल्याचा, टॅबवर बेटाचा, मोबाइलवर जंगलाचा. प्रत्येकात त्याचा एक माणूस होता. तो लढायचा, मासे पकडायचा, लाकडं तोडायचा आणि हळूहळू एकेक पायरी वर चढायचा. रूपेश त्यांना ‘माझे तीन प्लांट’ म्हणायचा. त्याची बायको सुगंधा म्हणायची, “तीन सवती हायत माझ्या. एकीला ताप आला की दुसरी रुसते.” तिन्ही माणसं एकाच पायरीवर राहिली पाहिजेत, असा त्याचा हट्ट होता. एक पुढे पळाला की तो त्याला तसाच ठेवून मागच्या दोघांकडे वळायचा. मी एकदा विचारलं, असं का? म्हणाला, “दादा, एक रिॲक्टर फुडं पलाला ना, का बाकीचे बिगडतात. सगल्यांना संगती न्यायचं.” इतकी वर्षं बोईसरला राहूनही त्याची जीभ आमच्या मुरबे गावचीच होती. आमच्या वडिलांची तिथे होडी होती.

कामावर जाताना तो हे तीन प्लांट त्याच्या मुलीवर, उन्नतीवर, सोपवायचा. ती बारावीत. रोज संध्याकाळी बापलेकीचं नाटक चालायचं.

“चार्ज द्या, पप्पा.”

“सगलं नॉर्मल. बेटावर वादल येनार हाय, होडी बांदून ठेव.”

“घेतला चार्ज.”

मगच तो खुर्चीतून उठायचा. सुगंधा डबा हातात घेऊन दारात उभी, बस चुकेल म्हणून करवादायची.

त्या शेवटच्या संध्याकाळीही उन्नतीने चार्ज घेतला होता.

तेराव्यानंतर मी पालघरला परतलो. कॉलेजात पुन्हा शिकवायला जाऊ लागलो. तीनेक आठवड्यांनी सुगंधाचा फोन आला. ती दबक्या आवाजात बोलत होती.

“भावजी, तुमी या. पोरगी खुर्चीवरनं उठत नाय.”

“अभ्यास करते का?”

“पुस्तकाला हात लावत नाय. जेवान मी भरवते. मोरीत जायचं तर मला तिथं बसवते आनि सांगते, आई, नुसती बस हां, चार्ज घेतला असं म्हनू नको. झोपते पन बसूनच.” मग म्हणाली, “मला भ्या वाटतं, भावजी. आमच्या घरात मला भ्या वाटतं.”

मी पोचलो तेव्हा भर दुपार होती. वारा पडला होता. अशा वेळी बोईसरवर कारखान्यांचा वास बसून राहतो, आंबूस, घशाला लागणारा. रूपेशच्या खोलीची खिडकी बंद होती, तरी तो वास आत आला होता. त्यात दुसराही एक वास होता. पाळीवरून आल्यावर रूपेश अंग घासून काढायचा, त्या साबणाचा.

उन्नती पाठमोरी बसली होती. तिन्ही पडदे उजळलेले. किल्ल्यातला माणूस तटावरून फिरत होता, बेटावरचा जाळं ओढत होता, जंगलातला कुऱ्हाड चालवत होता. मी जवळ गेलो आणि मग पाहिलं, उन्नतीचे दोन्ही हात मांडीवर होते.

“हे आपोआप चालतं का गं?”

“या खेळांत आपोआप काही नसतं, काका.”

“मग?”

तिने माझ्याकडे पाहिलं. डोळे आत गेले होते. ओठांच्या कडा फुटल्या होत्या. “मी बसून असले की चालतं,” ती म्हणाली. “आणि एखादा मागे पडला तर मला करावं लागतं.”

“ऊठ. आत जाऊन जरा आडवी हो.”

“रिलीव्हर आला नाही ना, काका.”

मी शिकलेला माणूस. दुःख माणसाला काय काय करायला लावतं हे मला ठाऊक आहे, असं मला वाटत होतं. पोरीच्या मनाचा खेळ आहे, तर तिच्याच खेळातून तिला सोडवावी, एवढाच माझा विचार.

“दे मला चार्ज,” मी म्हटलं.

“गंमत म्हणून म्हणू नका.”

“गंमत नाही.”

तिने माझं तोंड नीट न्याहाळलं. मग हलक्या आवाजात सांगितलं, “सगळं नॉर्मल. तिघं सारखे आहेत. सारखेच ठेवा, काका. काहीही झालं तरी.”

“घेतला चार्ज.”

ती उठली. पाय आखडले होते, भिंत धरून आतल्या खोलीत गेली. सुगंधाने तिला कुशीत घेतलं असावं, कारण थोड्याच वेळात दोघींचे श्वास संथ झाले. त्या घरात किती दिवसांनी कुणी झोपलं होतं, कोण जाणे.

मी खुर्चीत बसलो. गादी गरम होती. पडद्यावरची कामं थांबली होती. तटावरचा माणूस उभा राहिला, बेटावरच्याने जाळं सोडलं, जंगलातल्याने कुऱ्हाड खाली केली. आणि तिघांनीही, एकामागून एक, तोंडं माझ्याकडे वळवली.

कॉम्प्युटरच्या पडद्याच्या कोपऱ्यात खेळाडूंना एकमेकांशी बोलायची एक चौकट असते. तिच्यात एक ओळ उमटली. नाव रूपेशच्याच माणसाचं होतं.

*पोरगी कुठाय*

कुणीतरी परका, कुठल्यातरी गावचा, चेष्टा करतोय... मी स्वतःला सांगितलं. हात मात्र आपसूक कीबोर्डवर गेले. मी लिहिलं, झोपलीय.

*उठव*

मी हात कीबोर्डवरून काढून घेतले. खोलीत पंखा फिरत होता. तरी साबणाचा तो वास हलत नव्हता, माझ्या उजव्या खांद्यामागे एकाच जागी होता. मग टॅबच्या पडद्यावर, वेगळ्या खेळात, वेगळ्या चौकटीत अक्षरं आली.

*दादा उठव तिला*

मला दादा म्हणणारं जगात एकच माणूस होतं.

मी उठलो आणि भिंतीवरचं मेन बटण खाली ओढलं. पंखा थांबला, कॉम्प्युटर काळा झाला. पण टॅब आणि मोबाइल बॅटरीवर चालू राहिले. बेटावरचा माणूस पुन्हा कामाला लागला, आता घाईने. जंगलातलाही. दोघांचे आकडे वर चढायला लागले, आणि किल्ला अंधारात मागे राहिला.

आतून सुगंधाचा आवाज आला. झोपेतला, मग जागा. “उन्नती... कुठं चाललीस गं... उन्नती...”

ती दारात आली. डोळे मिटलेले. उजवा हात पुढे, बोटं अर्धवट वळलेली, माउस धरतात तशी. भिंतीला न धडकता, वाटेतला स्टूल चुकवून ती आली आणि खुर्चीच्या मागे उभी राहिली. मी ज्या खुर्चीतून उठलो होतो, तिच्या पाठीवर तिने डावा हात ठेवला.

“बटण लाव!” मी सुगंधाला म्हणालो. “लाव आधी!”

मी खुर्चीत जाऊन बसलो. तो जुना कॉम्प्युटर सुरू व्हायला किती वेळ लागतो! उन्नतीचा श्वास माझ्या मानेवर येत होता. मंद आणि थंड. किल्ला उघडला. मला खेळता येत नव्हतं. कुठलं बटण दाबलं की तो धावतो, कुठलं दाबलं की वार करतो... मी दाबत राहिलो. माणूस दोनदा पडला, दोनदा उठला. अखेर आकडे जवळ आले, सारखे झाले. खुर्चीवरचा हात सुटला. उन्नती वळली, होती तशी आत गेली आणि आडवी झाली. सुगंधा दाराच्या चौकटीला टेकून खाली बसली होती, पदराचा बोळा तोंडात धरून.

त्या दुपारी तसं पुन्हा झालं. एकदा मी बेटाकडे बघताना जंगल विसरलो, तेव्हा. मग मी विसरलो नाही.

संध्याकाळी मी आनंदाला बोलावून घेतलं. माझ्या डोक्यात एकच हिशोब होता. रूपेश खुर्चीत गेला, त्याला रिलीव्हर मिळाला नाही, म्हणून तो अडकलाय. त्या दिवशी रिलीव्हर आनंदा होता. त्याने इथे येऊन नुसतं ‘घेतला चार्ज’ म्हटलं की सुटेल सगळं. माझा भाऊ सुटेल.

आनंदा सांगलीकडचा, धिप्पाड गडी. पण उंबऱ्याच्या आत आला नाही. मी खुर्चीतून न उठता त्याच्याशी बोललो.

“तुला यायला उशीर झाला होता का रे, त्या दिवशी?”

“नाही सर. टायमात गेलो.”

“मग तू गेलास तेव्हा तो...”

“बसलेला होता.” आनंदाने डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. “तुम्हाला सांगणार नव्हतो. कुणालाच सांगितलं नाही. सर, त्यानं मला चार्ज दिला. सगळं बोलला. तिन्ही रिॲक्टरचं तापमान सांगितलं. मी घेतला म्हणालो. म्हटलं, थांब, चहा सांगतो. परत आलो तर मान कलंडलेली. डॉक्टर आले, त्यांनी हात लावला आणि म्हणाले, ह्याला जाऊन बराच वेळ झालाय. अंग ताठ झालंय की. मी म्हणालो, आत्ता बोलला माझ्याशी. ते माझ्याकडंच बघायला लागले.”

सुगंधा आनंदाकडे बघत होती.

“म्हणजे तो मोकळा झाला होता,” मी म्हणालो. “मग त्याला आता काय हवंय?”

आनंदाने आतल्या खोलीकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली घातली.

“आणिक एक बोलला होता, सर. चार्ज देऊन झाल्यावर. म्हणाला, पोरीला सांग, तिला न्यायला येतो. मला वाटलं... क्लासवरनं आणायचं म्हणत असेल.”

मोबाइलमधल्या कुऱ्हाडीचा बारीक आवाज तेवढा येत होता. ठक... ठक...

आठवड्याच्या आत मी उन्नतीला नाशिकला तिच्या मामाकडे पाठवलं. सुगंधाही गेली. कॉम्प्युटर, टॅब, मोबाइल मी माझ्या घरी पालघरला आणले. खुर्चीसुद्धा. कॉलेजातून बिनपगारी रजा घेतली आहे. लोक समजतात, भाऊ गेल्याचं मनाला फार लागलंय. ते खरंही आहे. त्याला मी सायकल शिकवली होती, मुरब्याच्या ओल्या वाळूवर, मागून कॅरिअर धरून. तोच भाऊ खांद्यामागे आला की मी वळून बघत नाही, हे कुणाला सांगणार?

तिघांना मी सारखं ठेवतो. आता मला खेळता येतं. चौकटीत ओळी येत राहतात, सुरुवातीला रोज, नंतर कधीतरी. *कुठे ठेवलीस तिला.* मी उत्तर देत नाही. उन्नतीने परीक्षा दिली, पास झाली, अंगावर थोडं मांस आलं. सुगंधा सांगते, ती हसते. माझ्यासाठी तेवढं पुरेसं होतं. बरेच दिवस ओळी आल्या नाहीत, आणि मी त्याला थकलेला समजलो.

परवा दुपारी जंगलातल्या माणसाला खायला घालून मी मोबाइल खाली ठेवला, तर पडद्यावर एक नवीन चित्र दिसलं. चौथा खेळ. मी घातलेला नव्हता. माझ्या घरी दुसरं कुणी नाही. चित्रात एक मुलगी पाठमोरी उभी आहे, समोर पाणी. चित्राखाली तिची पायरी लिहिली आहे, शून्य. बाकीचे तिघे कुठल्याकुठे वर पोचलेत.

काल सकाळी उन्नतीचा फोन आला. आवाज हसरा ठेवायचा प्रयत्न करत होती. म्हणाली, “काका, मी आज मामाच्या गच्चीवर जागी झाले. कठड्यावर उभी होते. वर कशी गेले, आठवतच नाही.” मग म्हणाली, “तुम्ही सगळ्यांना सारखं ठेवताय ना?”

मी हो म्हणालो.

तिला त्या तिघांच्या बरोबरीला न्यायचं म्हणजे रूपेशच्या हाती द्यायचं; चौथा खेळ मी अजून उघडलेला नाही.