वळणावरचा प्रवासी

बस चालवायची नोकरी संपली आणि ड्रायव्हरकाका घरात नुसते मधे मधे यायला लागले. बायको केर काढत असली की हे तिच्या वाटेत, ती दाराकडे निघाली की हे दारात. शेवटी ती म्हणाली, "अहो, जन्मभर लोकांना इकडून तिकडं नेलंत. मला कुठं नेणार नसाल, तर निदान दुसऱ्या कुणाला तरी न्या." मुलांच्या हॉस्पिटलात स्वयंसेवक हवेत, असं त्यांच्या भाचीनं सांगितलंच होतं. काकांनी गुळगुळीत दाढी केली, इस्त्रीचा शर्ट चढवला आणि गेले.

तिथं त्यांना एक पोपटी जाकीट मिळालं आणि काम मिळालं ते मुलांना व्हीलचेअरवरून ऑपरेशनच्या दारापर्यंत पोचवायचं. काकांनी पहिल्याच दिवशी त्या खुर्चीची बस करून टाकली. तोंडानं हॉर्न, लिफ्टपाशी "पुढं सरका, पुढं सरका", आणि मुलानं तोंडानं डबल बेल दिल्याशिवाय गाडी हलायची नाही. भोकाड पसरलेली पोरं टिंग टिंग करायला लागली. वॉर्डच्या सिस्टर मोठ्या करारी, पण त्याही तोंड फिरवून हसायच्या. काका इतके खुशीत होते की रात्री जेवताना बायकोला बोलायची पाळीच मिळत नव्हती.

एकच गोष्ट खटकत होती. लिफ्टमधून बाहेर पडलं की लांबलचक कॉरिडॉर, त्याला एक वळण, वळणावर मोठी खिडकी आणि तिच्याखाली बाक. नेमकी त्या वळणावर खुर्ची जड व्हायची. बस भरलीय की रिकामी, हे काकांना मागं न बघता नुसत्या स्टिअरिंगवरून कळत आलेलं. त्यांचे हात सांगत होते की हे एका लहान मुलाचं वजन आहे. ऑपरेशनच्या दारापाशी ते उतरायचं आणि खुर्ची पुन्हा हलकी व्हायची.

चाकात काहीतरी अडकत असणार, दुसरं काय. काकांनी चाकं पुसून तेल घातलं. दुरुस्तीवाल्या मिस्त्रींनी खुर्ची उलटी करून बघितली, फरशीला लेव्हल लावली. "चढ नाही, काही नाही," ते म्हणाले, "काका, आता वय झालं म्हणायचं." काकांनी खुर्ची बदलून घेतली. नव्या खुर्चीतही तेच.

मग हळूहळू ध्यानात आलं, की वळण आलं की मुलं आपण होऊन एका कडेला सरकून बसतात आणि खुदखुदायला लागतात. एकाला त्यांनी विचारलं, "कशाला हसतोस रे?"

"गुदगुल्या होतात ना."

कोण करतं, ते काकांनी विचारलं नाही. पोर हसत आत जातंय ना, मग झालं तर. त्यांनी वळणावर रीतसर थांबाच केला. "चढणारे चढा," म्हणायचं, हात जड झाले की पुढं निघायचं.

वॉर्डात एक चिमुरडी होती. सगळ्यांना हुकूम सोडायची म्हणून तिचं नाव पडलं होतं मालकीणबाई. जन्मापासून तिच्या हृदयात भोक होतं, रडली की ओठ निळे पडायचे. काका यायच्या आधी एकदा तिला ऑपरेशनला नेलं तेव्हा दारापर्यंत जाता जाता तिनं रडून असा आकांत केला, की डॉक्टरांनी परत पाठवलं. आता ते आईला म्हणाले, "आणखी लांबवता येणार नाही. आणि ही अशी रडत आली, तर मला हात लावायची भीती वाटते." आईनं शेजारी उभ्या असलेल्या काकांच्या जाकिटाचा कोपरा तेवढा धरला.

"मी आणतो तिला. हसत," काका म्हणाले.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मालकीणबाईंनी डबल बेल दिली नाही. लिफ्टमध्ये ओठ थरथरत होते. आई शेजारून चालत होती.

वळण आलं. "चढणारे चढा."

खुर्ची हलकीच राहिली. खिडकीतून बाकावर ऊन पडलं होतं. बाक रिकामा होता.

"काका, चला ना," आई म्हणाली.

काका निघाले. मुलीनं समोरचं दार पाहिलं आणि हुंदका फुटला. ओठांच्या कडा निळ्या व्हायला लागल्या.

राहिलेल्या प्रवाशासाठी काकांनी उभ्या नोकरीत कधी बस मागं घेतली नव्हती. त्यांनी खुर्ची मागं ओढली.

"अहो, काय करताय?"

"एकजण राहिलाय."

वळणावर ते वाकले आणि हळूच बोलले. "ये रे बाळा. आज दारापाशी उतरू नकोस. आत जा हिच्याबरोबर. हिला एकटी सोडू नकोस."

खुर्चीच्या मुठी त्यांच्या हातात खाली दबल्या.

मुलगी रडायची थांबली. कडेला सरकली. मग फिसकन हसली.

दार आलं, तरी खुर्ची हलकी झाली नाही. आतल्या नर्सनं ती ओढून घेतली. "अगं, दिसतेस एवढीशी, आणि भार केवढा तुझा," ती म्हणाली, आणि दार लागलं.

ऑपरेशन झकास झालं. डॉक्टर बाहेर येऊन हसले, तेव्हा आईच्या आधी काकाच रडले. मालकीणबाई गुलाबी ओठांनी पुन्हा हुकूम सोडू लागल्या, पहिला हुकूम काकांनाच, की हॉर्न मोठ्यानं वाजवा. वळणावर मात्र आता कुणी चढत नव्हतं. काका थांबायचे, वाट बघायचे, निघायचे.

तिला घरी सोडायच्या दिवशी काकांनीच तिला फाटकापर्यंत नेलं. खुर्ची वॉर्डापासूनच जड होती. पोरीनं बाळसं धरलंय, काका मनाशी म्हणाले, आणि त्यांना भरून आलं. बाबांनी गाडी आणली होती. आई औषधांची पिशवी घेऊन पुढं बसली. मालकीणबाई मागच्या सीटवर चढल्या आणि सरकत सरकत पार पलीकडच्या खिडकीशी गेल्या.

"काका, दार धरून ठेवा."

काकांनी धरलं. त्यांच्या बाजूनं गाडी जराशी खाली बसली. पुढून आई हसून हात हलवत होती.

"हं. लावा आता," मुलगी म्हणाली.

काकांनी दार लावलं. कुणाची बोटं सापडणार नाहीत अशा बेतानं, अगदी हळू.